चालण्याच्या वेगाने

सटाण्याच्या स्टँडवर एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरतो, पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो आणि शिट्टी फुंकली की गाडी जागच्या जागी थांबते. हवाई दलात वीस वर्षं मी हेच केलं. फक्त माझ्या ड्रायव्हरला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नसे; सगळं हातांनी बोलायचं.

विमान जमिनीवर चालवणं, म्हणजे टॅक्सी करणं, लोकांना किरकोळ वाटतं. पण लढाऊ विमानाचे पंख मागे झुकलेले असतात आणि तिथेच घोळ होतो. एसटीचं तोंड वळलं की तिचं शेपूट उलट्या अंगाला फेकलं जातं, बाजूला उभा असलेला माणूस नेमका तिथे सापडतो. पंखाचं टोकही वळताना तसंच बाहेर फिरतं. पायलटने मनात धरलेल्या अंतरापेक्षा जास्त. सुखोई-३० चे पंख टोकापासून टोकापर्यंत १४.७ मीटर, मिग-२१ चे ७.१५. दोन्ही आमच्या ओझरच्या कारखान्यात बनली. मिगला पुढच्या चाकाचं स्टिअरिंग नव्हतंच. दांडीवरचा लिव्हर दाबून ब्रेकवरच वळवायचं, आणि ते ब्रेक चालायचे हवेच्या दाबावर. हवेच्या बाटलीतला दाब उतरला की विमान कुणाचं ऐकत नसे.

प्रवासी विमानंही सुटत नाहीत. २७ मार्च २०२४ ला कोलकात्यात इंडिगोच्या विमानाचा पंख थांबलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या पंखाला लागला. त्याच वर्षी १६ मे रोजी पुण्याच्या लोहगावला, म्हणजे हवाई दलाच्याच तळावर, दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान टॅक्सी करताना टग ट्रॅक्टरला धडकलं.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेली टक्कर दोन लढाऊ विमानांची. तळाचं नाव नको. पावसाळी सकाळ, काँक्रीट ओलं, एक विमान उभं, दुसरं त्याच्या बाजूने वळत निघालेलं. मी पंखाच्या टोकाशी चालत होतो. अंतर कमी पडतंय हे मला दिसलं होतं. पण कॉकपिटमध्ये साहेब बसलेले, मी नवखा एअरमन. हात वर गेले ते खांद्यापर्यंतच. डबा चेपावा तसा बारीक आवाज झाला, बस्स. वेग माणसाच्या चालीएवढा. कुणाला खरचटलंही नाही, पण दोन्ही विमानं कित्येक महिने हँगरमध्ये पडून राहिली.

चौकशीत ओली जमीन, वळण, अंतर सगळं मोजलं गेलं. माझ्या मते चूक माझ्या खांद्यात होती. डोक्यावर हात फुलीसारखे धरले की विमान थांबलंच पाहिजे, आत ग्रुप कॅप्टन असो की आणखी कुणी. ती खूण म्हणजे हुकूम असतो, विनंती नव्हे.

पुढे नवी पोरं माझ्या हाताखाली आली, तेव्हा ‘पुढे या’ची खूण मी तिसऱ्या दिवशी शिकवायचो. पहिले दोन दिवस नुसती फुली.