शंभर हर्ट्झचा सूर

मिरजेत तंबोरा घडवून घ्यायचा तर आधी गाणारा कोण ते ठरवावं लागतं. पुरुषाच्या आवाजासाठी मोठा भोपळा आणि लांब दांडी, बाईच्या आवाजासाठी त्याहून आटोपशीर वाद्य. पट्टी काळी एक की काळी चार, यावर तारांची जाडी ठरते, आणि शेवटी घोडीवरची जवारीही त्याच पट्टीला धरून काढली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा इथल्या शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मोठं नाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून जगाला ही गोष्ट नव्यानं कळली. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्याला ती सांगावी लागत नाही, कारण मिरज तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आणि तरीही विश्रामबागेतल्या एखाद्या घरात गेम खेळायला आणि गाणं करायला संगणक जुळवायचा ठरतो, तेव्हा बोलणं नेमकं उलट्या टोकाकडून सुरू होतं. बजेट किती आणि त्यात ग्राफिक कार्ड कोणतं बसतं? बाकीचे भाग उरलेल्या पैशांत कोंबले जातात. माझं म्हणणं असं की मिरजेची रीत इथंही लागू आहे. जो बसणार आहे त्याच्या कानापासून आणि हातापासून सुरुवात केली, तर त्याच पैशांत वेगळं आणि अधिक चांगलं यंत्र उभं राहतं.

गेम आणि संगीत या दोन परस्परविरोधी गरजा आहेत, असं धरून चालण्यानं घोटाळ्याची सुरुवात होते. गेमला ताकद लागते आणि संगीताला शांतता, तेव्हा दोन्हीकडे थोडं थोडं देऊ, असा सौदा केला जातो. पण दोन्हींच्या मुळाशी जाऊन पाहिलं तर मागणी एकच सापडते, वेळ पाळण्याची. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर सातही मिळत नाहीत. ध्वनीचंही तसंच. सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी आवाज नोंदवताना २५६ नमुन्यांचा बफर ठेवला, तर संगणकाला दर ५.३ मिलिसेकंदांनी पुढचा घास तयार ठेवावा लागतो. तो एकदा चुकला की हेडफोनमध्ये टक् असा आवाज येतो, आणि तो टेकमध्ये कायमचा उमटू शकतो. त्याआधी नऊशे नव्व्याण्णव वेळा यंत्रानं काम वेळेत केलं होतं, याचा गायकाला काही उपयोग नसतो. खेळणाऱ्यालाही सरासरी शंभर चित्रांचा आकडा सुखावत नाही. वळणावर पाऊण क्षण पडदा अडखळला, तर त्याला तेवढंच आठवतं. म्हणून जाणती माणसं सरासरीच्या जोडीला ‘एक टक्का लो’ पाहतात, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का चित्रं किती संथ होती ते. माझ्या मते सगळी आखणी या आकड्यापासून सुरू व्हावी. यंत्र किती धावतं हे नंतर पाहावं; ते कधी आणि का अडखळतं, हे आधी.

असं ठरवलं की भागांच्या यादीतली उतरंडच बदलते. एका ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले इफेक्ट बहुधा एकाच कोअरवर चालतात, कारण पुढच्याला मागच्याचं उत्तर लागतं. त्यामुळे कोअरची संख्या वाढवण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग मोलाचा ठरतो. गेमचंही बरंचसं काम असंच एका मुख्य धाग्यावर लटकलेलं असतं. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डीनं हे स्पष्ट दाखवलं. त्याचा घड्याळी वेग त्याच्या आधीच्या भावंडापेक्षा कमी होता, पण अंगावर ९६ मेगाबाइटची कॅश रचलेली होती. माहितीसाठी रॅमपर्यंत खेटे घालणं कमी झालं आणि अनेक गेममध्ये तो महागड्या प्रोसेसरांच्या पुढे गेला. रॅमबद्दल माझं मत कडक आहे: दोन काड्या जोडीनं घ्याव्यात. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीनं रॅमच्या किमती चढल्या असताना तर चार जागांचा मदरबोर्ड घेऊन दोन रिकाम्या ठेवण्यात कमीपणा नाही. उलट नंतरची वाट मोकळी राहते, फक्त पुढच्या दोन काड्या आधीच्यांशी जुळतील हे पाहावं लागतं. आणखी एक गोष्ट कुठल्याच पाटीवर छापलेली नसते. वायफायचा किंवा ग्राफिकचा एखादा आडमुठा ड्रायव्हर प्रोसेसरला दोन-तीन मिलिसेकंद अडवून धरतो आणि एवढ्या खटाटोपानं कमावलेला वेळ वाया जातो. म्हणून ध्वनिमुद्रण करताना वायफाय बंद ठेवण्याची सवय हा फुकटातला मोठा लाभ आहे. आवाजासाठी मदरबोर्डवरच्या जॅकवर विसंबू नये. स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिरानं पोचवणारा) असलेला साधा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. आवाजाला साडेतीन मीटर जायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. गायकाला स्वतःचाच आवाज तेवढ्या उशिरानं कानात आला, तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसासारखा गाऊ लागतो, आणि लय घसरते.

शांततेचा प्रश्न मात्र खराच आहे, त्याला झटकून चालणार नाही. गेम चालू असताना चारशे वॅट खेचणारं यंत्र ते सगळे वॅट उष्णता म्हणून खोलीत सोडतं. प्रकाश, चित्र, वेग यांच्या रूपानं त्यातलं काही बाहेर जात नाही. सांगलीचा एप्रिल-मे चाळिशीच्या आसपास असतो. दुपारी खोलीतच छत्तीस अंश असतील, तर पंखा काचेच्या कॅबिनेटमध्ये तीच गरम हवा ढकलत राहतो. दिवे लावलेलं, समोरून काचबंद कॅबिनेट दुकानात देखणं दिसतं. आपल्या हवेला समोरून जाळीचं, मोठ्या पंख्यांचं कॅबिनेट हवं. पंख्याचं गणित दिलासा देणारं आहे. त्याचा वेग निम्म्यावर आणला तर आवाज सुमारे पंधरा डेसिबलनं उतरतो, हवा मात्र निम्मीच घटते. म्हणजे घरघरणाऱ्या दोन लहान पंख्यांऐवजी सावकाश फिरणारे तीन मोठे पंखे लावले, तर हवा तेवढीच मिळून कानांना सुख लागतं. ग्राफिक कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणली तर चित्रांच्या संख्येत नगण्य फरक पडतो आणि उष्णता बरीच कमी होते. ही सोय सेटिंगमध्ये फुकट असते, पण कंपन्या कार्ड शेवटच्या थेंबापर्यंत ताणून विकतात, म्हणून ती कुणी सांगत नाही.

आता मघाचा आक्षेप पुन्हा पाहू. ताकदवान कार्ड आणि शांत खोली एकत्र कशी नांदणार? उत्तर वेळापत्रकात आहे. गेम आणि मुद्रण ही कामं एकाच वेळी होत नाहीत. भार हलका असताना आजची बहुतेक मध्यम कार्डं आपले पंखे पूर्ण थांबवतात, आणि गायनाच्या मुद्रणात कार्डाला काम जवळजवळ नसतंच. गेम चालू असताना पंखे बोलतील, पण तेव्हा कानावर हेडफोन असतो आणि माइक बंद असतो. म्हणून माझा कौल सर्वांत मोठ्या कार्डाला नाही. मधलं कार्ड घ्यावं आणि वाचलेले पैसे एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग), कूलर आणि यूपीएस यांच्यावर घालावेत. या तीन भागांच्या जाहिराती फारशा कुणी करत नाही, पण कार्ड दोनदा बदललं तरी ते जागेवर राहतात.

विजेकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. अर्थिंग नीट नसलं, किंवा संगणक एका बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्या बोर्डावर लावून त्यांच्यामध्ये ऑडिओची तार टाकली, की स्पीकरमधून ५० आणि १०० हर्ट्झची घूं ऐकू येते. आता पेटीवर पाहा. अगदी खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची असते. शंभर हर्ट्झची घूं तिच्यापेक्षा सुमारे ३५ सेंट चढी आहे (पेटीच्या लगतच्या दोन सुरांत शंभर सेंट असतात), आणि २२ श्रुतींच्या हिशेबात प्रमाणश्रुती, म्हणजे त्यांतलं सर्वांत लहान अंतर, साधारण २१.५ सेंटची. म्हणजे भिंतीतून येणारी ही घूं पांढऱ्या पाचापासून एका प्रमाणश्रुतीहून जास्त सरकलेली असते आणि कुठल्याच नेहमीच्या पट्टीला मिळत नाही. रियाज करणाऱ्याच्या मागे कुणीतरी दिवसरात्र बेसूर तंबोरा धरून बसावं, तसा हा प्रकार आहे. महागडं सॉफ्टवेअर तो मुद्रणातून पुसू शकेल, पण गाताना कानात शिरलेल्या सुराचं काय? एका इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणणं हा खर्च किरकोळ आहे. यूपीएसही पाहून घ्यावा. स्वस्तातला यूपीएस बॅटरीवर गेला की साइन वेव्ह न देता पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतो. काही चांगल्या एसएमपीएसना ती मानवत नाही आणि यंत्र ऐन गाण्यात बंद पडतं.

लॅपटॉप का नको, असं विचारणाऱ्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. वालचंद किंवा विलिंग्डन महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या, सहा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या मुलानं लॅपटॉपच घ्यावा. त्याला हलणं भाग आहे, आणि हलणं ही गरज बाकी साऱ्या गरजांना मागे टाकते. पण घर स्थिर असेल तर लॅपटॉपच्या छोट्या पंख्यांना उष्णतेशी झुंजताना किंचाळण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि त्यातलं काही बदलताही येत नाही. तयार डेस्कटॉपची बाजू अधिक भक्कम आहे: एकच बिल, एकच वॉरंटी, बिघडलं तर एकच फोन. जुळवलेल्या यंत्रात आठ भागांच्या आठ वॉरंट्या सांभाळाव्या लागतात, हा त्रास मी कमी लेखत नाही. तरी दोष शोधायची वेळ आली की जुळवलेलं यंत्र उघडं असतं. कोणता भाग कधी घेतला हे मालकाला ठाऊक असतं आणि तेवढाच भाग बदलता येतो. तयार यंत्रांत काटकसर नेमकी तिथं होते जिथं गिऱ्हाइकाची नजर जात नाही, म्हणजे एसएमपीएस आणि पंखे यांत. आणि याच दोन गोष्टींवर माझा सगळा भर आहे.

एवढा विचार गेमसाठी कशाला, असं घरातली वडील मंडळी विचारतात. त्यामागची काळजी खोटी नाही. पैसे लावायच्या खेळांनी अनेक घरांचं नुकसान केलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला. पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली, हेही त्यांना सांगावं. शिवाय गेम ही घडवण्याची वस्तू आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शियंट एपिक’ बाजारात आणला, त्याचं कथानक आपल्या पुराणांतून घेतलेलं आहे, संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकारानं दिलं. मिरजेच्या परिसरातल्या एखाद्या वादकाला अशा गेमला पार्श्वसंगीत करावंसं वाटलं, तर त्याला प्रसंग स्वतः खेळून पाहावा लागेल आणि त्याच जागी बसून वाजवावं लागेल. एकाच यंत्रात या दोन गोष्टी असण्याचं याहून सरळ कारण मला सुचत नाही.

उरला शेवटचा आक्षेप: तंबोरा आणि तबला तर मोबाइलच्या ॲपवर मिळतो. रोजच्या रियाजाला तो पुरतो, हे मान्य. पण सुरांच्या जागा स्वतः ठरवायच्या असतील तर पुरत नाही, आणि हा हट्ट सांगलीत जुना आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तारांची लांबी मोजून २२ श्रुतींचा शोध घेतला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती आणि १९१० मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याला हा विषय इतका भावला की त्या श्रुती बसवलेली हार्मोनियम लंडनमध्ये घडवून घेतली गेली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत त्या वाद्यावर वाद झडले, आणि हरकत घेणाऱ्यांकडेही कारणं होती. त्यातली मला पटणारी हरकत अशी की पेटीतली पट्टी (रीड) एकदा घासून बसवली की तिचा सूर तिथंच राहतो. यमनातला गांधार आणि दुसऱ्या एखाद्या रागातला गांधार एकाच पट्टीवर कसे बसावेत? आज नीट आखलेल्या घरगुती संगणकावर हा अडथळा उरलेला नाही. बऱ्याच सॉफ्टवेअर वाद्यांना स्वरांच्या जागा सांगणारी मजकुराची साधी फाइल देता येते. समान अंतरांच्या पट्टीत गांधार ४०० सेंटवर असतो, शुद्ध गुणोत्तरातला सुमारे ३८६ वर. त्या फाइलमधली एक ओळ बदलली की गांधार चौदा सेंटनं उतरतो, नाही पटला तर पुन्हा चढतो, आणि प्रत्येक रागासाठी वेगळी फाइल ठेवता येते. देवलांनी तारेवर केलेलं काम यावर पुढे नेता येईल. मात्र त्यासाठी खोलीत शंभर हर्ट्झची घूं नको, पंख्याची घरघर नको, आणि कळ दाबल्यावर सूर त्याच क्षणी यायला हवा.