सांडणीची वसुबारस

गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आई व्हिजिट व्हिसावर अबुधाबीला आली. येताना पिशवीत भाजणी, मेतकूट, घरचं तूप आणि पितळेची एक छोटी गाय-वासराची जोडी. तूप काढून देताना म्हणाली, "हे शेवटचं. पुढच्या टायमाला तुझ्या लुलूतलं खा."

त्या वाक्याला मागची गोष्ट आहे. आमचं गाव करवीर तालुक्यातलं. दारात म्हैस नाही असं घर माझ्या लहानपणी पाहिलेलं आठवत नाही. पहाटेची धार, चरवी घेऊन डेअरीला जाणं, फॅट किती लागली त्याची चिठ्ठी आणि दहा दिवसांनी येणारं बिल, यावर आमच्या वह्या-पुस्तकं आली. दूध गोकुळला जायचं, पण घरापुरतं तांब्याभर आधी काढून ठेवलेलं असे, आणि त्यातला पहिला पेला माझा. निरसं, फेसाळ, हातात धरवेल इतपत कोमट. ज्यांना हे घरी मिळालं नाही त्यांनी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून पाहावं. तलवारीसारख्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी, समोर काढलेली धार आणि शेजारी तालमीतून आलेला पैलवान.

बाबा गेल्यावरही आईनं एक म्हैस ठेवलीच. "म्हस हाय म्हणून येता येत न्हाई" हे माझ्या प्रत्येक बोलावण्याला उत्तर. दोन वर्षांपूर्वी त्या म्हशीचं रेडकू दगावलं. म्हैस पान्हा सोडेना. कुणी सुचवलं, कातड्यात पेंढा भरून पुढ्यात उभं करा. कुणी इंजेक्शन सुचवलं. आईनं दोन्हीला नकार दिला. म्हैस आटली. मी इथून फोनवर रोज एकच सांगत होतो, आता विकून टाक आणि ये. शेवटी तिनं विकली. व्यवहार मीच ठरवला, व्हॉट्सअ‍ॅपवर. इथे आल्यावर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

वसुबारस शुक्रवारी होती. दोन दिवस आधी आईनं विचारलं, "अरं, हितं सवत्स गाय कुठं मिळंल रं?"

प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. या देशात गाई पुष्कळ आहेत. अल ऐनची डेअरी शेख झायद यांनी 1981 साली सुरू केली. दुबईच्या खवानीजमधली अल रवाबी 1989 ची. आपण फ्रीजमधून काढतो ती बाटली बोटीनं आलेली नसते, याच वाळूतल्या गोठ्यातली असते. गाई बहुतेक होल्स्टीन, आपल्याकडे ज्यांना एचएफ म्हणतात त्या. त्यांच्यासाठी मोठमोठे पंखे आणि पाण्याचे फवारे चालू असतात. पण गाय वासरासकट बघायची तर अवघड. व्यापारी दुग्धव्यवसायात, जगात बहुतेक ठिकाणी, वासरू जन्मल्यावर लवकरच वेगळं करतात आणि त्याला दूध बाटलीनं किंवा बादलीनं पाजतात. आपल्याकडच्या मोठ्या गोठ्यांतही आता तसंच होऊ लागलंय. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग ती गाय कसली? नळ झाला."

माझ्या जुन्या ऑफिसातले एक अमिराती साहेब आहेत, आता निवृत्त. अल खझनाच्या पुढे, अल ऐनच्या रस्त्यालगत, त्यांची इज़्बा आहे. इज़्बा म्हणजे उंटांचा गोठा आणि भोवतीची जागा. शहरात व्हिला असलेल्या कित्येक घरांचा जीव अशा एखाद्या इज़्बेत असतो. शर्यतीचे उंट वेगळे. ही उंटं घरच्या दुधासाठी. दूध विकायचं नाही, घरी प्यायचं, भावंडांकडे पाठवायचं, आलेल्याला द्यायचं. मी त्यांना फोन करून भीत भीत विचारलं, आईला आणू का? ते म्हणाले, यात विचारायचं काय.

अर्धी रजा टाकून निघालो. मुसफ्फा मागे पडलं की रस्ता सरळ होतो. दोन्ही बाजूंना कुंपण, कुंपणाआड घाफची झाडं, आणि पुढे वाळूचा रंग पिवळ्याचा तांबूस होत जातो. आई पूर्ण वेळ खिडकीतून बघत होती. एकदाच बोलली, "हितं चारा काय घालत्यात?" त्याचं उत्तर तिला इज़्बेच्या दारातच मिळालं. रोड्स गवताच्या गासड्या रचून ठेवलेल्या होत्या. तिनं मूठभर उपसून वास घेतला आणि मान हलवली. पसंत.

साहेबांनी छातीवर हात ठेवून "अहलन मामा" म्हटलं. इथे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात हे आईला ठाऊक नव्हतं. ती माझ्या मामाला शोधत मागे वळून बघू लागली. पण खरी दोस्ती जमली ती राखणदाराशी. तो रहीम यार खानकडचा, वीस वर्षं इथे. त्याची हिंदी सरायकी वळणाची, आईची कोल्हापुरी वळणाची. दोघांनाही एकमेकांचं सगळं समजत होतं.

बारा सांडण्या होत्या. सांडणी हा शब्द आपल्याकडे आता सांडणीस्वारापुरता, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकापुरता उरलाय. आईनं मात्र तो सहज वापरला. तीन सांडण्यांच्या कासेला जाळीदार कापडाची पिशवी बांधलेली होती. पिल्लानं दिवसभर पिऊन टाकू नये म्हणून. म्हशीच्या रेडकाच्या तोंडाला आपण मुसकं घालतो, इथे उलट, आईलाच झाकायचं. संध्याकाळ झाली. ऑक्टोबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. राखणदारानं एकीची पिशवी सोडली आणि पिल्लाला मोकळं केलं. पिल्लाला इथे हुवार म्हणतात. लांब पायांचं, कुरळ्या केसांचं, अजून स्वतःच्या गुडघ्यांची सवय न झालेलं. ते धावत येऊन लुचायला लागलं. सांडणीनं मान वळवून त्याला हुंगलं.

"अम्मा, पहले बच्चा, फिर हम," राखणदार म्हणाला. "बच्चा नहीं तो ये एक बूँद नहीं देगी."

हे खरंच आहे, सवयीपुरतं नाही. सांडणी पान्हा सोडते तो पिल्लाला बघून, आणि सोडते तो मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात जे निघेल ते. चार सडांपैकी दोन पिल्लाकडे, दोन माणसाकडे. 2006 साली दुबईत सांडणीचं दूध कारखान्यातून बाटलीत भरून विकायला सुरुवात झाली, यंत्रानं धार काढणं आलं, तरी तिथेही पिल्लं आयांजवळच ठेवावी लागली. होल्स्टीनच्या बाबतीत माणसानं जे जमवलं ते हिच्यापुढे जमलं नाही.

राखणदार एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय वर उचलून गुडघ्याला टेकवला, त्या मांडीवर वाडगं ठेवलं आणि दोन्ही हातांनी धार काढू लागला. मी थक्क. आई मात्र त्याच्या बोटांकडे बघत होती. अंगठा आत घेतो की बाहेर, ते. वाडग्यातला आवाज आधी पत्र्यावर पडल्यासारखा, मग जाड होत गेला. तो आवाज मी तीस वर्षांनी ऐकत होतो.

आईनं विचारलं, "और बच्चा मर गया तो?"

तो म्हणाला, पूर्वी कातड्यात गवत भरून समोर धरायचे. साहेबांनी दुजोरा दिला. अरबीत त्याला खास शब्द आहे, बव्व. जुन्या काळापासूनचा. तसलं कातडं हुंगून सांडणी पान्हा सोडते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग मराठीत, कुणाकडेही न बघता म्हणाली, "मी न्हाई केलं तसं. तिला फसवून दूध काढायचं म्हंजे... आणि तू तर काय, इकून टाक म्हणालास." आवाज चढलेला नव्हता. मी "हो" म्हणालो. यापेक्षा जास्त काही मला सुचलं नाही.

वाडगं भरलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी आधी आईपुढे धरलं. आणि माझ्या पोटात गोळा आला, दोन कारणांनी. एक म्हणजे वसुबारस. या दिवशी आई दूध-तूप घेत नाही, ते आज वासराचं. पाहुण्याला दिलेलं दूध परत करणं इथल्या रीतीत बसत नाही. थेसिगर ज्या बदूंबरोबर रुब अल खालीतून फिरला त्यांचं पोट कित्येकदा याच दुधावर भरायचं, आणि आलेल्याला ते आधी देत. (अल ऐनच्या जाहिली किल्ल्यात त्याचे फोटो आहेत, नक्की बघा.) दुसरं कारण कमी काव्यात्म. न उकळलेल्या दुधातून माल्टा ताप होतो, आणि 2012 मध्ये मर्स सापडल्यापासून जागतिक आरोग्य संघटना उंटिणीचं कच्चं दूध टाळा, असं सांगते, विशेषतः मधुमेह वगैरे असलेल्यांना. आईला मधुमेह नाही, पण वय सत्तर. मी हळूच म्हणालो, "आई, उकळून मागू या?"

तिनं वाडग्याकडे पाहिलं. पिल्लू अजून लुचत होतं, तोंडाला फेस.

"ते प्यालंय न्हवं?" तिनं खात्री केली. मग म्हणाली, "गाईचं चालत न्हाई आज. सांडणीचं चालत न्हाई असं कुठं लिवलंय?" आणि वाडगं तोंडाला लावलं. दोनच घोट. मिशीसारखा फेस वरच्या ओठावर. "खारट हाय जरा. हलकं हाय."

उरलेलं राखणदारानं आलं ठेचून उकळलं, ते मी प्यालो. मला ते चांगलं लागलं, पण आलं नसतं तर काय वाटलं असतं सांगता येत नाही.

हळदीकुंकू आईनं पर्समधून आणलं होतं, बाहेर काढलं नाही. दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या धर्मात आपण काय करावं हे तिला न सांगता कळतं. तिनं फक्त गवताची एक पेंढी सांडणीपुढे धरली आणि पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. साहेबांनी तिच्या हातात खजूर दिले, तेही पिल्लाला द्या म्हणून. निघताना मोठ्या थर्मासमध्ये दूध भरून दिलं. पैशांचं नाव काढलं असतं तर संबंध तुटला असता.

घरी आल्यावर आईनं पितळेच्या जोडीची पूजा केली आणि थर्मासमधलं दूध गॅसवर ठेवलं. उतू जाईल म्हणून शेजारी उभी. उकळलं, निवलं, पण साय धरेना. या दुधातले स्निग्धाचे कण इतके बारीक की ते वर येऊन थर होत नाही. हे मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही; तिला बघू दिलं. मग तिनं विरजण लावलं, कपाटात, टॉवेलमध्ये गुंडाळून. सकाळी भांडं उघडलं तर दही नाही, नुसतं आंबूस पातळ. सांडणीच्या दुधाचं दही घट्ट लागत नाही.

"फॅट लागली नसती हिची डेअरीत," ती म्हणाली. मीठ, जिरं घालून तिनं ते घुसळलं आणि दोन पेले भरले. एक माझ्यापुढे सरकवला.

"म्हशीला कुणी नेलं रं? कागलकडचा होता न्हवं तो?"

"हो. नंबर आहे माझ्याकडे."

"लाव की. गाभण हाय का इचार."