दिवाळीचा बाजार आणि गल्ल्यापुढील रांग

पुण्यांतील दिवाळीचा बाजार पाहावयाचा असेल, तर वसुबारसेच्या आधींच्या रविवारीं सायंकाळीं बेलबाग चौकांतून लक्ष्मी रस्त्यानें पश्चिमेकडे निघावें. निघावें म्हणण्यापेक्षां गर्दीच्या स्वाधीन व्हावें, हेंच खरें. डाव्या हातास तुळशीबाग आहे. नारो आप्पाजी खिरे, म्हणजेच तुळशीबागवाले, यांनीं येथील राममंदिराचें काम १७६१ सालीं आरंभिलें. आज त्या देवळाभोंवतीं बांगड्या, पणत्या, रांगोळीचे रंग, भातुकलीचीं भांडीं आणि चकलीचे सोरे यांचा संसार मांडलेला असतो. जवळच १८८६ सालीं उघडलेली मंडई आहे. पूर्वीं ती रे मार्केट म्हणून ओळखली जाई; आतां तिला महात्मा फुल्यांचें नांव आहे. दिवाळीच्या सुमारास तेथें झेंडूच्या राशी पाहाव्या.

या एका फेरींत खरेदीच्या दोन तऱ्हा दिसतात. तुळशीबागेंतील पथारीवर घासाघीस हा व्यवहाराचा अर्धा आनंद असतो. विकणारी बाई स्वतःच मालकीण. तिला परवडलें तर ती देते, न परवडलें तर सरळ नको म्हणते. परंतु लक्ष्मी रस्त्यावरील मोठ्या, ठरीव किंमतीच्या दुकानांत गल्ल्यावर बसलेली, किंबहुना उभी असलेली, मुलगी पगारी नोकर असते. भाव तिनें ठरविलेला नसतो आणि तो कमी करण्याचा अधिकारहि तिला नसतो. तिच्याशीं वाद घालणें म्हणजे पोस्टमनास पत्रांतील मजकुराबद्दल जाब विचारण्यासारखें आहे.

गेल्या वर्षीं धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीं अशाच एका दुकानांतील रांगेंत आम्ही उभे होतों. पुढील बाईंचा हिशोब निम्मा झाला असतां त्यांना धाकट्या पुतण्याच्या सदऱ्याचें माप आठवलें. त्यांनीं मुलीला वरच्या मजल्यावर पिटाळलें आणि आपण दूरध्वनीवर जाऊबाईंशीं बोलत राहिल्या. गल्ल्यावरील मुलगी हात बांधून थांबली. त्या अवधींत ती शेजारच्या सहकारिणीला म्हणाली, “भाजणी भिजवूं नका म्हणून सांगितलंय घरीं, मी गेल्यावरच चकल्या पाडीन.” तेव्हां घड्याळांत पावणेनऊ झाले होते.

आमच्या मागें पंधरा माणसें होतीं. एका गिऱ्हाइकानें तीन मिनिटें खर्चिलीं, कीं पंधरा जणांचीं मिळून पंचेचाळीस मिनिटें जातात. आणि रांगेंतील प्रत्येकजण केव्हां तरी सुटतो. गल्ल्यावरील माणूस मात्र शेवटचें गिऱ्हाईक जाईपर्यंत सुटत नाहीं. दुकानांतील नोकरांना बसावयास आसन असावें, म्हणून केरळनें २०१८ सालीं आणि तामिळनाडूनें २०२१ सालीं कायद्यांत तशी तरतूद केली. दिवसभर उभें राहण्याचे कष्ट किती असतील, याचा अंदाज एवढ्यावरूनच यावा.

ज्या घरांत दहाबारा माणसांची खरेदी एकदम होते, तेथें हा विचार अधिक हवा. मापांची यादी घरींच करावी. निवड, चर्चा, रुसवेफुगवे हें सर्व गल्ल्यापासून दूर आटोपावें. सर्व जिन्नस हातीं आल्यावांचून घरांतील एकाला रांगेंत जागा धरावयास उभें करूं नये. कपडे किंमतीची चिठ्ठी दिसेल असे ठेवावे. पिशवी, पैसे अथवा दूरध्वनीवरील यूपीआय आधींच सिद्ध ठेवावें. नकोसा झालेला जिन्नस भलत्याच फळीवर न टाकतां तिच्या हातीं परत द्यावा. हिशोबांत चूक आढळली तर ती जरूर दाखवावी, पण चोरी पकडल्याच्या थाटांत नव्हे. मागें कोणी वृद्ध अथवा कडेवर मूल घेतलेली बाई असेल, तर तिला पुढें जाऊं द्यावें. बदलून घ्यावयाचें असेल तें शक्य तों पाडवा-भाऊबीज उलटल्यावर न्यावें.

हे सारे शिष्टाचार आपल्याला नवे नाहींत. पंगतींत वाढप्याला खोळंबून ठेवूं नये, शेवटच्या पानापर्यंत वाढून होईतों धीर धरावा, हें आपण मुलांना लहानपणींच शिकवितों. दुकानांतील रांग हीहि एक पंगतच आहे. मुलें सोबत असतातच; गल्ल्यावरील अनोळखी मुलीला आपण “ताई” म्हणतों कीं नुसतें “अहो, लवकर करा” म्हणतों, हें तीं ऐकत असतात आणि त्यांतून शिकत असतात.

खरेदीस एक दिवस आधीं, शक्य तर दुपारीं जावें. लक्ष्मी रस्त्याची रोषणाई पाहावयास मग रात्रीं रिकाम्या हातांनीं हवें तेवढें हिंडावें. आपल्या घरीं नरकचतुर्दशीला पहाटे फराळाचें ताट मांडलें जाईल, तेव्हां त्या मुलीच्या घरींहि तें वेळेवर मांडलें जावें, एवढें आपल्या हातीं खचित आहे.