वरची रेघ, खालची रेघ

एमेस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी जठराच्या कॅन्सरवर प्रोजेक्ट केला, त्यामागे कसलंही उदात्त कारण नव्हतं. डेटा फुकट होता. 'द कॅन्सर जीनोम ॲटलास' या अमेरिकेतल्या प्रकल्पाने हजारो ट्यूमरची माहिती सगळ्यांसाठी खुली करून ठेवली आहे. फुप्फुस आणि स्तन आमच्या बॅचमधल्या दोघींनी आधीच उचलले होते, मला पोट उरलं. पोट म्हणजे तेव्हा माझ्यासाठी मेसची भाजी आणि त्यानंतरची ॲसिडिटी.

काम साधारण असं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो, वीस हजारांच्या आसपास. पण सगळी जनुकं सगळीकडे चालू नसतात. सोसायटीतल्या प्रत्येक घरात पाककृतींचं एकच पुस्तक वाटलंय, पण आज कुणाकडे काय शिजतंय ते वेगळं, तसं. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती निघतात. त्या मोजायच्या. म्हणजे जिन्यात उभं राहून कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते लिहून घ्यायचं. ट्यूमरच्या एका तुकड्यातून असे वीस हजार आकडे मिळतात. आणि बाजूच्या रकान्यात तो माणूस किती दिवस जगला, तो आकडा.

मग कोणती जनुकं जास्त चालू असली की माणसं लवकर गेली ते शोधायचं, त्यातली दहा-बारा निवडायची, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज करून प्रत्येक पेशंटचा एक स्कोअर काढायचा. स्कोअरच्या मध्यावर, म्हणजे मीडियनवर, सुरी ठेवायची. वरचे अर्धे 'हाय रिस्क', खालचे अर्धे 'लो रिस्क'. मग दोन्ही गटांच्या जगण्याचा आलेख. दोन्ही रेघा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघतात आणि गटातलं कुणी गेलं की एक पायरी खाली उतरतात. निळी वर राहिली पाहिजे, लाल खाली घसरली पाहिजे. मधलं अंतर जितकं रुंद, तितका प्रोजेक्ट भारी.

माझं अंतर रुंद आलं. पी व्हॅल्यू ०.०५च्या बरीच खाली. त्या रात्री मेसमध्ये मी जास्तीचा गुलाबजाम घेतला. लाल रेघेची प्रत्येक पायरी म्हणजे एक गेलेला माणूस, हे मला माहीत होतंच. तरी स्क्रीनकडे बघत 'उतर, अजून उतर' असं मी मनात म्हणत होते, हेही आठवतं.

पुण्यात नोकरी लागली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मामा आजारी पडले.

मामा कराडजवळ राहतात. ऊस, दोन म्हशी, आणि तरुणपणी केलेल्या पैलवानकीच्या गोष्टी. दोन घासांत पोट भरतंय ही तक्रार होती, ती ॲसिडिटीच्या गोळ्यांवर चार महिने काढली. वजन उतरलं तेव्हा 'ढेरी गेली, बरं झालं' असं सगळे म्हणाले. मीसुद्धा. फॅमिली ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली मी 'हिरो!' असं लिहिलंय, ते अजून तिथेच आहे. मग काळी शी व्हायला लागली, गोठ्यात चक्कर आली, हिमोग्लोबिन सहावर आलेलं सापडलं, आणि तेव्हा कुठे एन्डोस्कोपी झाली.

या कॅन्सरची रीतच अशी आहे. दक्षिण कोरियात तो इतका आढळतो की चाळिशी उलटलेल्या माणसाला सरकारी योजनेतून दर दोन वर्षांनी तपासणी मिळते. भारतात त्याचं सगळ्यात जास्त प्रमाण मिझोराममध्ये आहे. आमच्याकडे पोट दुखलं की आधी ओवा, मग गोळी, आणि कॅन्सर हा शब्द सगळ्यात शेवटी.

बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो मामेभावाने व्हॉट्सॲपवर टाकला. 'सिग्नेट रिंग सेल'. म्हणजे अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी. पेशीत चिकट द्रव साठतो, केंद्रक एका कडेला ढकललं जातं, आणि मायक्रोस्कोपखाली ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. १९६५ साली फिनलंडच्या लॉरेन यांनी जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार पाडले. एकात पेशी ग्रंथींसारख्या एकत्र राहतात, दुसऱ्यात त्या सुट्या सुट्या होऊन जठराच्या भिंतीत पसरतात. अंगठीवाल्या पेशी दुसऱ्या प्रकारातल्या.

मला याच्या पुढचंही माहीत होतं. २०१५ साली आलेला एक पेपर मी माझ्या प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर वापरला होता. सोलमधल्या ३०० पेशंटचे ट्यूमर, आणि जनुकांच्या हालचालीवरून पाडलेले चार गट. सगळ्यात चांगल्या गटात आजार परत येण्याचं प्रमाण २२ टक्के. सगळ्यात वाईट गटात ६३. या वाईट गटातल्या पेशी एकमेकींचा हात सोडून भटकायला लागतात, आणि त्यातले बहुतेक ट्यूमर सुट्या पेशींच्या प्रकारातले असतात. रिपोर्ट वाचताना मामांचा चेहरा डोळ्यांसमोर यायच्या आधी मला ६३ दिसला.

उपचारांसाठी मामा-मामी पुण्यात आमच्या वन बीएचकेत आले. घरात सगळ्यांना वाटत होतं की मी 'त्याच्यावरच शिकलेय'. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा गॅलरीत बसून म्हणाले, "काय गं, तुझ्या त्या कॉम्प्युटरमधी माझं कुठं बसतंय का बघ की."

"मामा, त्यात तुमचं काही नाही. ती अमेरिकेतली, कोरियातली माणसं आहेत."

"मग ती जगली का?"

"काही जगली."

"काही म्हंजे किती?"

आकडा तोंडात होता. मी म्हणाले, "ते डॉक्टर सांगतील." मामांनी मान हलवली आणि खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी काढत होतं तिकडे बघत बसले. मामी आतून ऐकत होती. तिला माझं उत्तर कळलं, असं मला वाटतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी प्रोजेक्टचं जुनं फोल्डर उघडलं. काय शोधत होते माहीत नाही. मामांच्या ट्यूमरचा आरएनए कुणी मोजलेला नव्हता, मोजणारही नव्हतं. पण समजा मोजला असता, तर मी त्यांना कुठल्या रेघेवर बसवणार होते?

माझ्याच कोडमध्ये एक ओळ होती, मीडियन काढणारी. आधी ती मी कधी नीट पाहिलीच नव्हती. 'हाय रिस्क' म्हणजे माझ्या डेटातल्या बाकीच्या अर्ध्यांपेक्षा जास्त स्कोअर, बस्स. माणसं बदलली की मधली रेषा सरकणार, आणि तोच माणूस लालमधून निळ्यात जाणार. मध्याच्या अगदी लगत दोन पेशंट होते, स्कोअरमध्ये नखाएवढा फरक. एकाला मी लाल केलं होतं, एकाला निळं.

मग मी ते काम केलं जे गाईडनी सांगितलं होतं आणि मी 'वेळ नाही' म्हणून टाळलं होतं. २०११ साली स्तनाच्या कॅन्सरवर एक खोडकर पेपर आला होता. त्यात व्हेने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आजाराशी काडीचा संबंध नसलेल्या जनुकांच्या याद्याही, अगदी जेवणानंतर हसण्याच्या अभ्यासातून निघालेली यादीसुद्धा, पेशंटचं भवितव्य 'सांगतात'. आणि चिठ्ठ्या टाकून उचललेली जनुकंही बऱ्याचदा तेच करतात. कारण पेशी किती वेगाने वाढतायत यासारख्या एकाच मोठ्या गोष्टीबरोबर हजारो जनुकं हलतात. कुठलीही मूठभर उचला, थोडंफार हाती लागतंच. मी माझ्या डेटावर तसंच केलं. दहा-दहा जनुकं चिठ्ठ्या टाकून उचलली, हजार वेळा. माझ्या लाडक्या स्कोअरइतकं अंतर पाडणाऱ्या याद्या हव्या त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. मग तोच स्कोअर सोलच्या डेटावर लावला. लाल आणि निळी रेघ एकमेकींत गुंतून खाली आल्या. यावर मला चांगले मार्क पडले होते.

पहाटे अजून एक गोष्ट लक्षात आली, जी दिवसा कुणीही सांगितली असती. वाईट गटातले बहुतेक ट्यूमर सुट्या पेशींचे असतात, पण सुट्या पेशींचा प्रत्येक ट्यूमर त्या वाईट गटात नसतो. मी वाक्य उलटं करून मामांना त्या ६३मध्ये ढकललं होतं.

हे सगळंच विज्ञान फोल आहे असं मात्र नाही, आणि तसं कुणी म्हटलं की मला राग येतो. सोलच्या योन्सेई विद्यापीठातल्या गटाने २०१८ साली चारच जनुकांची एक चाचणी मांडली. ऑपरेशननंतर कुणाला केमोचा फायदा होईल, हा तिचा प्रश्न. त्यांच्याकडे अशा ट्रायलमधले नमुने होते ज्यात काहींना केमो दिली होती आणि काहींचं फक्त ऑपरेशन झालं होतं. त्यामुळे तो प्रश्न तिथे विचारता तरी येत होता. माझ्या डेटात तो विचारायची सोयच नव्हती. मी फक्त कोण आधी गेलं ते बघत होते, आणि त्यालाच भविष्य म्हणत होते.

मामांच्या वॉर्डात यातलं जे पोचलं ते रंगाच्या चाचण्यांच्या रूपात. बायोप्सीच्या त्याच ठोकळ्यातून पातळ काप काढून त्यावर दोन-तीन प्रकारची प्रथिनं आहेत की नाहीत ते पाहिलं. एका प्रथिनावर वेगळं औषध ठरतं. दुसऱ्या गटातली गायब असती तर ट्यूमर सोलच्या २२ टक्केवाल्यांसारखा निघाला असता, आणि केमोचा विचारच वेगळा झाला असता. मामांची सगळी जागेवर होती. म्हणून नेहमीचा रस्ता: फ्लॉट नावाची केमो, दर पंधरवड्याला एक अशी चार वेळा, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार. २०१९ साली छापून आलेल्या जर्मन ट्रायलमध्ये तिने मधल्या पेशंटचं आयुष्य ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर नेलं होतं. हा आकडा मी मामांना सांगितला, कारण तो सांगण्यासारखा होता. ते म्हणाले, "म्हंजे चार उसं निघतील."

पूर्ण जठर काढलं. नंतर आलेल्या रिपोर्टमध्ये पॅथॉलॉजिस्टने काढलेल्या चौतीस लसिकाग्रंथींपैकी दोनांत कॅन्सर होता. डॉक्टर त्या दोनवर थांबले आणि पहिल्यांदा जरा हसले. दोन. कुणीतरी टेबलाशी बसून चरबीतून एकेक गाठ चाचपून वेगळी केली, कापली, मोजली. नंतर मी माझ्या मॉडेलमध्ये आजाराची स्टेज घालून पाहिली, जी अशाच गाठी मोजून ठरते. जनुकांचा स्कोअर तिच्यासमोर मान खाली घालून बसला.

याला आता अडीच वर्षं झाली. मामा दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात, अर्धी भाकरी, वाटीभर आमटी. जेवण झाल्यावर पाणी लगेच पीत नाहीत. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन गावातच घेतात. पैलवानकीच्या गोष्टी तशाच आहेत, फक्त शर्ट दोन साइझ लहान झालेत.

त्या आलेखातल्या रेघांवर मधूनमधून बारीक उभ्या खुणा असतात. माझ्या प्रोजेक्टमध्ये त्या मी काढून टाकल्या होत्या, आलेख स्वच्छ दिसावा म्हणून. ती खूण म्हणजे हा माणूस या दिवसापर्यंत जिवंत होता, पुढचं आपल्याकडे नाही. कुणी अभ्यास संपेपर्यंत जगलेलं असतं, कुणी दवाखान्यात यायचंच थांबवलेलं असतं. पायरी उतरत नाही, रेघ तशीच पुढे जाते.

गेल्या महिन्यात मामांच्या स्कॅनची तारीख होती. मी सुट्टी टाकली होती, अंथरूण काढून ठेवलं होतं. सकाळी फोन केला तर मागून ट्रॅक्टरचा आवाज.

"मामा, आज यायचं होतं ना!"

"आगं टोळी आलीया. ऊस तुटू दे, मग येतो. तू पुढची तारीख घिऊन ठेव."

घेऊन ठेवलीय. एकवीस तारीख, सकाळी साडेनऊ, उपाशीपोटी.