सही आणि हस्ताक्षर

"पाचशे रुपये? नुसत्या सहीचे?" दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई म्हणाली. इतक्या मोठ्याने, की बाकावर बसलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या दोघातिघांनीही मान वर केली.

फरीदाबादच्या एनआयटी भागात, फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेल्या वस्तीत, हा दवाखाना आहे. आईला पुण्याहून इथे आणलं त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून तिचं सगळं याच डॉक्टरांकडे. तपासणीचे तीनशे रुपये ती विनातक्रार देते. पण पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली आणि विमा कंपनीने नेहमीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं: रक्तदाब पहिल्यांदा केव्हा आढळला, औषधं कोणती, केव्हापासून. चार पानी फॉर्म डॉक्टरांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "परसों ले जाइए. पाँच सौ लगेंगे."

"आमच्या नारायण पेठेतल्या डॉक्टरांनी दाखल्याचे कधी पैसे घेतले नाहीत," आई रिक्षात बसल्यावरही बोलतच होती. ते खरंच. पण ते दाखले म्हणजे 'मुलीला ताप होता, शाळेत येऊ शकली नाही' एवढीच एक ओळ. त्या ओळीवर लाखभर रुपये अवलंबून नसत.

इंग्लंडमधल्या मावसबहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. तिच्याकडे 1948पासून सरकारी आरोग्यसेवा आहे, डॉक्टरांना भेटायला एक पैसा लागत नाही. पण खासगी विम्याचा किंवा रद्द झालेल्या सहलीचा फॉर्म पुढे केला की तिथलाही डॉक्टर फी सांगतो. उपचार ही सरकारने विकत घेतलेली सेवा. फॉर्म भरणं हे तिसऱ्याच कुणाचं काम, आणि ते दवाखाना संपल्यावर करायचं असतं. आपल्याकडे सरकार मध्ये नाही, तरी हिशेब तोच. तीनशे रुपयांत आईची नाडी येते, विमा कंपनीची चौकशी येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच गेले. टेबलावर आईची जुनी फाईल उघडी होती, पिवळट कार्डं तारखेप्रमाणे लावलेली. डॉक्टरांनी एका कार्डावर बोट ठेवलं. डिसेंबर 2019. वरचा आकडा एकशे साठ.

पॉलिसी मार्च 2020ची. एजंटाने भरलेल्या अर्जात 'पूर्वीचे आजार' या रकान्यात 'नाही' असं लिहिलेलं. खाली आईची सही, न वाचता केलेली. अर्ज इंग्रजीत होता आणि घरात भाषांतर करून पोट भरणारी एक मुलगी होती. तिनेही तो वाचला नव्हता.

मी म्हणाले, "डॉक्टरसाहब, तारीख़ ज़रा आगे की लिख दें तो... तीन-चार महीने की ही तो बात है." वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझाच आवाज परका वाटला.

ते चिडले नाहीत. त्यांनी खणातून एक जाडजूड वही काढली. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची त्यात नोंद होती. 2002च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांना अशी वही ठेवावीच लागते; प्रमाणपत्राची प्रतही जपावी लागते, रुग्णाची ओळखखूण लिहावी लागते. खोटं प्रमाणपत्र दिलं तर वैद्यक परिषदेच्या यादीतून नाव जाऊ शकतं. "देखने की फ़ीस में मेरा वक़्त है," ते म्हणाले. "इसमें मेरा नंबर है." त्यांनी शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक दाखवला.

हिंदीत 'सही' म्हणजे बरोबर. मराठीत सही म्हणजे हिंदीतलं हस्ताक्षर, आणि मराठीतलं हस्ताक्षर म्हणजे नुसतं अक्षराचं वळण. या दोन भाषांमध्ये रोज ये-जा करताना मी या शब्दांना कितीदा तरी अडखळले आहे, विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगितलंही आहे. त्या टेबलासमोर मात्र त्यात गंमत राहिली नाही. मी डॉक्टरांचं हस्ताक्षर मागत होते. ते मला सही द्यायला बसले होते.

आणि मला हे कळायला हवं होतं. महिन्यापूर्वीच ओळखीचे एक गृहस्थ त्यांच्या वडिलांचा मराठी जन्मदाखला घेऊन आले होते. व्हिसासाठी प्रमाणित भाषांतर हवं होतं. मूळ दाखल्यातलं नाव पासपोर्टाशी जुळत नव्हतं. "तेवढं एक अक्षर जुळवून घ्या ना," ते म्हणाले. मी नकार दिला, मूळ नाव होतं तसं उतरवलं, आणि पानाचे आठशे रुपये घेतले. दोनच ओळी होत्या, असं ते जाताना पुटपुटले. मला राग आला होता. दोन ओळींचे पैसे नव्हतेच ते. खाली 'मूळ मजकुराशी प्रामाणिक' असं लिहून मी नाव घालते, त्याचे होते.

डॉक्टरांनी डिसेंबर 2019 हीच तारीख लिहिली. मग शेवटी, फॉर्मने न विचारलेली एक ओळ जोडली: रक्तदाब औषधाने आटोक्यात होता, पित्ताशयातल्या खड्यांशी त्याचा संबंध नाही. शिक्का मारला, वहीत नोंद केली, पाचशेची पावती फाडली. मी पैसे दिले आणि त्यांचे आभार मानले. दुसरं काही सुचलं नाही.

दावा अजून अडकलेला आहे. अर्जातलं ते 'नाही' कंपनी विसरलेली नाही, आणि विसरावी असं म्हणायला मला तोंड नाही. पावती आईला दाखवली तेव्हा तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"आधी हे वाचायला हवं होतं," ती म्हणाली. मला वाटलं, पावतीबद्दल बोलतेय.