न खेळलेल्या गेमचा रिव्ह्यू

एक कबुली देऊन टाकतो. ज्या गेमला मी सगळ्यात जास्त शिव्या दिल्या, तो तेव्हा मी एक मिनिटसुद्धा खेळलो नव्हतो.

२०१६ साल. मी लातूरचा, इंजिनिअरिंगला नांदेडात, विष्णुपुरीला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आप्पा घागरी मोजून पाणी वापरायला लावायचे. कॉलेज सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आला.

माझा रूम पार्टनर मुखेडचा. २०१३च्या डिसेंबरात पहिला ट्रेलर आला तेव्हापासून तो या गेमची वाट बघत होता. शिकवण्या घेऊन, मेसचे पैसे वाचवून त्यानं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. गेममध्ये २ चा ६४ वा घात इतके ग्रह, म्हणजे १८ वर अठरा शून्यांहून जास्त. एवढे ग्रह कुठल्या डिस्कवर मावणार? ते साठवलेले नसतातच. प्रत्येक ग्रहाला एक सीड नंबर असतो आणि त्या नंबरवरून डोंगर, झाडं, जनावरं गणितानं त्या क्षणी तयार होतात. नंबर तोच, तर ग्रहही तोच. हे त्यानं मला वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावलं होतं.

गेम आला आणि लोक भडकले. गेम बनवणाऱ्या ‘हेलो गेम्स’च्या शॉन मरेनं मुलाखतींमध्ये सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. दुसरा खेळाडू भेटू शकतो, असं लोक धरून चालले होते. सुरुवातीलाच दोन जण ठरवून एका ग्रहावर, एकाच जागी पोचले, पण ते एकमेकांना दिसलेच नाहीत. स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा ढीग लागला.

सप्टेंबरात जिओचं फुकट नेट आलं आणि मी रोज रात्री या गेमची चिरफाड करणारे व्हिडिओ बघायला लागलो.

‘फसवलंय रे तुला,’ मी म्हणायचो.

‘तू खेळलास का?’

‘खेळायला कशाला पाहिजे? सगळं जग बोलायलंय की.’

एका रात्री रूमवर सात-आठ पोरं जमली होती. मी मोबाइलवरचे वाईट रिव्ह्यू त्याच्या समोर मोठ्यानं वाचून दाखवले. सगळे हसले. त्यानं हेडफोन लावले. पुढच्या सेमिस्टरला त्यानं रूम बदलली. भांडण असं झालंच नाही, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं.

नंतर पुण्यात नोकरी लागली. आमच्या ॲपचं एक मोठं रिलीज घाईत गेलं आणि एका स्टारचे रिव्ह्यू सुरू झाले. निम्मे बरोबर होते. सांगितलेलं एक फीचर आम्ही दिलंच नव्हतं. पण काही लोक असे होते की ज्या बटणावर ते चिडले होते, ते बटण आमच्या ॲपमध्ये कधी नव्हतंच. कुठंतरी वाचलेला राग त्यांनी आमच्याकडं आणून टाकला होता. ते वाचताना मला विष्णुपुरीतली रूम आठवली.

२०१६ मध्ये पैसे मोजून चिडलेले खेळाडू चुकीचे नव्हते. त्यांना सांगितलं एक आणि दिलं एक. चूक माझी होती. माझा एक रुपयाही गेला नव्हता, तरी आवाज माझाच मोठा.

हेलो गेम्सची छोटी टीम बराच काळ गप्प राहून काम करत राहिली. २०१३च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्यांच्या गिल्डफर्डच्या ऑफिसात पुराचं पाणी शिरलं होतं, तेव्हाही त्यांनी पुन्हा उभं केलंच होतं. जुलै २०१८च्या ‘नेक्स्ट’ अपडेटनंतर खेळाडू एकमेकांना खरोखर भेटायला लागले. अपडेट सगळे फुकट. स्टीमवरचं एकूण मत २०२१ मध्ये सकारात्मक बाजूला झुकलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अतिशय सकारात्मक’ झालं.

मधे २०२३ मध्ये ‘स्टारफिल्ड’ आला, हजारावर ग्रह घेऊन. ग्रह रिकामे आहेत, अशी खेळाडूंची तक्रार. कंपनीचं म्हणणं, चंद्रावरही काही नव्हतं, पण तिथं गेलेले कंटाळले नव्हते. मला वाटलं, ते जीव मुठीत धरून गेले होते, आपण ऑफिसातून दमून येऊन बसतो. पण मी ते कुठं लिहिलं नाही. खेळलो नव्हतो ना.

गेल्या दिवाळीत लातूरच्या घरी मी ‘नो मॅन्स स्काय’ पहिल्यांदा चालू केला. आप्पा मागं येऊन उभे राहिले.

‘लई मोठंय की. पाणी हाय का तिथं?’

‘काही ग्रहांवर समुद्र आहे, काहींवर थेंब नाही.’

‘मग बघून उतर.’

त्या रात्री मी रूम पार्टनरला मेसेज केला. तो आता नांदेडातच असतो. माफी कशी मागायची कळेना, म्हणून सरळ लिहिलं, ‘तो गेम खेळायलोय. आवडला. तेव्हा मी उगाच तुझी मजा घालवली.’

दोन दिवस उत्तर नाही. शनिवारी रात्री त्याचा कॉल आला आणि गेममध्ये त्याच्या ग्रहावर यायचं कसं, ते त्यानं सांगितलं. लाल माती, बुटकी झाडं, वारा. समोरून एक जण चालत आला.

‘दिसायलो का?’ त्यानं विचारलं.

‘दिसायलास.’

‘बरं. तुझं सोडियम संपत आलंय, आधी ते बघ.’