वेताळाचा प्रश्न

माढा, जि. सोलापूर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,


तुझा फोन आल्यापासून हे लिहायचं मनात होतं. फोनवर तू घाईत होतीस, चिडलेलीही होतीस. तुझ्या धाकट्याच्या दप्तरात नारायण धारपांची भयकथा सापडली आणि तू पुस्तक कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकलीस. वर मला म्हणालीस, 'हे तुमच्या माढ्याचं खूळ.' माढ्याचंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्या रविवारच्या पोरांत बसला आणि जाताना हक्काने पुस्तक मागून घेऊन गेला. ती रविवारची पोरं काय करतात हे तुला नीट सांगितलं, तर किल्ली पर्समधून बाहेर येईल असं मला वाटतं.

सकाळचा क्लास सुटला की आठवी ते दहावीची दहाबारा पोरं-पोरी आमच्या ओट्यावर जमतात. प्रत्येकाने काहीतरी वाचलेलं असतं. नियम एकच आहे. सारांश सांगायचा नाही. काय पटलं आणि काय पटलं नाही तेवढं बोलायचं. हा नियम मला शाळेतल्या अनुभवावरून सुचला. १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. २०१५ पासून तो होतो आणि दिवस चांगलाच आहे. पण पोरं माइकसमोर येतात आणि 'या पुस्तकातून मला परिश्रमाचे महत्त्व कळले' असं पाठ केलेलं म्हणतात. पुस्तक कुठलंही असो, कळतं ते परिश्रमाचं महत्त्वच. तीच पोरं मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी 'मुंज्या' सिनेमावर तावातावाने भांडताना मी ऐकली आहेत. एकजण म्हणत होता, 'आमच्या वस्तीवरच्या पिंपळावरचा मुंजा असला नाय, त्यो कुणाला काय करत नाय.' त्याच्या त्या एका वाक्यात माइकवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त मत होतं.

तुला चांदोबा आठवतो ना? अण्णा कुर्डुवाडीच्या स्टेशनावरून आणायचे. शंकर यांनी काढलेलं ते चित्र, हातात तलवार, पाठीवर प्रेत, आणि विक्रम स्मशानातून चाललेला. आपण दोघी ती गोष्ट अर्ध्यात थांबवून भांडायचो, कारण वेताळ शेवटी प्रश्न विचारायचा: तिघांपैकी खरा नवरा कोण? चूक राजाची की प्रधानाची? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. तात्पर्य काय, असं वेताळाने एकदाही विचारलं नाही. त्याला हवा असतो ऐकणाऱ्याचा निवाडा. आणि हा वेताळ काही परका नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यातला वेताळाला खांद्यावर घेणारा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा.

ज्या बृहत्कथेवरून सोमदेवाने ते सगळं घेतलं, तिची आख्यायिका तर मी दर वर्षी नव्या पोरांना सांगते. गुणाढ्याने सात लाख श्लोकांचा ग्रंथ पैशाची भाषेत लिहिला. सातवाहन राजाने तो नाकारला, कारण भाषा पिशाचांची. मग गुणाढ्य रानात गेला, आग पेटवली, एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चरणं सोडून ऐकत बसली. राजाचे डोळे उघडेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. ताई, तू धाकट्याला म्हणालीस, 'काहीतरी चांगलं वाच.' सातवाहनाच्या दरबाराचंही तेच म्हणणं होतं.

आता ओट्यावर काय चालतं ते सांगते. मध्यंतरी एका दहावीतल्या पोराने धारपांची 'शपथ' वाचली. त्याने मोबाईलवर 'इट' पाहिलेला. तो म्हणाला, 'मॅडम, ह्ये तर सरळ ढापलंय.' त्याचं खरं आहे. 'शपथ' स्टीफन किंगच्या 'इट'वरून आणि 'लुचाई' त्याच्याच 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली आहे, हे जाणकार वाचकांना माहीत आहे. मी काही बोलायच्या आत नववीतली एक मुलगी उठली. तिचं म्हणणं, गोष्ट तिकडची असेल, पण भीती इथली आहे. सिनेमातल्या घराची तिला भीती वाटली नाही, कारण तसलं घर तिने पाहिलेलंच नाही. धारपांचा वाडा, माजघर, अंगणातली विहीर तिच्या आजोळी आहे. रात्री पाणी प्यायला उठायची तिची हिंमत झाली नाही. 'मग ढापलं असलं तरी काम त्यांनीच केलंय की,' ती म्हणाली. पोरगा ऐकेना. ज्याची कल्पना त्याचं नाव पुस्तकावर पाहिजे, हा त्याचा मुद्दा, आणि तोही बिनतोड. दोघं पुढच्या रविवारीही त्यावरच अडून होते. रूपांतर आणि उचलेगिरी यांतली सीमा कुठे, यावर विद्यापीठांत चर्चासत्रं होतात. इथे तो वाद शेंगा सोलता सोलता चालला होता आणि दोघांनीही पुस्तक खरोखर वाचलेलं होतं.

हॅरी पॉटरचे मराठी भाग वाचनालयात आहेत, पण त्यावर पोरं जे बोलतात ते मला कुठल्या परीक्षणात सापडलं नसतं. एकजण म्हणाला, हॉगवर्ट्सचं पत्र म्हणजे नवोदयचा निकाल. पाचवीला असताना त्याने मोहोळजवळच्या पोखरापूरच्या नवोदय विद्यालयाची परीक्षा दिली होती. शेजारच्याचं नाव यादीत आलं, याचं आलं नाही. पत्र न आलेल्या पोरांचं पुढे काय होतं हे पुस्तकात कुठेच नाही, अशी त्याची तक्रार होती. मी म्हटलं, हॅरीच्या मावशीलाही ते पत्र आलं नव्हतं, शेवटच्या भागात तिची हकिगत येते. त्या बाईचा राग त्याला त्या दिवशी समजला. तोवर ती त्याला नुसती खाष्ट वाटत होती.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवीनंतर मागे पडतो, नारळीकरांच्या विज्ञानकथा मुलांपेक्षा मुली जास्त नेतात. हे का, ते मला अजून उमगलेलं नाही.

तुझी पहिली काळजी अशी, की असलं वाचून पोरगा अंधश्रद्ध होईल. हा प्रश्न मी ओट्यावरच टाकला, कारण आपल्या भागात तो पुस्तकी नाही. अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा, लिंबू-मिरची हे सगळं पोरं घरात बघतात. त्यावर एका पोरीने जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. गोष्टीतल्या भुताला नियम असतात, ती म्हणाली. ते कुठे येतं, कशाला घाबरतं, हे लेखकाने एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळावं लागतं, नाहीतर आपण पुस्तक ठेवून देतो. देवऋष्याचे नियम मात्र दर खेपेला बदलतात. कोंबड्याने गुण आला नाही तर म्हणतो बकरं लागेल. ताई, ही पोरगी काल्पनिक गोष्ट तपासायला शिकली, म्हणून खऱ्या माणसाची थाप तिला ओळखू आली. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा फसवणाऱ्याला आणि छळणाऱ्याला धरतो, गोष्ट सांगणाऱ्याला नाही. आणि दाभोलकर 'साधना'चे संपादक असतानाच त्या साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक सुरू झाला. पोरांना गोष्टी हव्यात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रत्नाकर मतकरींचंही बघ. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आपण शाळेच्या गॅदरिंगला पाहिली होती. ज्या माणसाने ती लिहिली त्यानेच मोठ्यांसाठी झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिल्या. २०१८ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. चेटकिणीला हसणारं मूल आणि गूढकथेने दचकणारा मोठा माणूस यांच्या मध्ये चौदा-पंधराचं वय येतं. ते वय मतकरींना दोन्ही बाजूंनी दिसत असणार.

तुझी दुसरी काळजी भीतीची. धाकटा रात्री दिवा चालू ठेवून झोपतो, असं तू म्हणालीस. झोपू दे. ही पोरं २०२० मध्ये आठ ते दहा वर्षांची होती. शाळा बंद, दारं बंद आणि मोठी माणसं हळू आवाजात आकडे बोलताहेत, हे त्यांनी त्या वयात पाहिलं. त्या भीतीला ना तोंड होतं ना शेवट. पुस्तकातली भीती निदान शेवटच्या पानावर संपते.

आमच्यात एक मुलगी आहे. तिचे वडील कोरोनाच्या साथीत गेले. ती बोलत नाही फारशी, पण वाचते सगळ्यांपेक्षा जास्त, आणि फक्त असलंच. एकदा तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, 'मला एक पटत नाही. मेलेलं माणूस परत येतं ते प्रत्येक गोष्टीत वाईटच का असतं? चांगलं माणूस परत का येत नाही?' ओट्यावर कुणी काही बोललं नाही. मग तो उचलेगिरीवाला पोरगा म्हणाला, 'चांगलं आलं तर गोष्ट संपूनच जाईल की गं.' ती म्हणाली, 'संपू दे.'

वेताळाचा शेवटचा प्रश्न असा होता, की त्याचं उत्तर राजाला येईना. तो गप्प चालत राहिला आणि त्या गप्प राहण्यावर वेताळ प्रसन्न झाला. मीही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी तिला मतकरींचा एक संग्रह दिला. आवडला की नाही ते तिने अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारायची घाई करत नाही. पण ताई, हा प्रश्न ती घरी कुणाला विचारू शकली नसती. भुताच्या पुस्तकाचा आडोसा होता म्हणून तो तिच्या तोंडून निघाला.

राहिली दहावी. धाकट्याची पुढच्या वर्षी आहे, ते मला माहीत आहे. नववीच्या कुमारभारतीतच भालबा केळकरांची 'यंत्रांनी केलं बंड' ही विज्ञानकथा आहे, तेव्हा अद्भुत गोष्टींना पाठ्यपुस्तकात मज्जाव नाही. मराठीच्या उत्तरपत्रिका मी दर वर्षी तपासते. स्वमताच्या प्रश्नाला 'लेखकाने सुंदर वर्णन केले आहे' याच्यापुढे पोरांची गाडी सरकत नाही. ज्याला घरात कुणी मत विचारलेलं नसतं, त्याला तीन तासांच्या पेपरात ते कुठून सुचणार?

आपल्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड आणले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या कोडमुळे पान पोराशी बोलायला लागलं, याचा मला फार अभिमान आहे. पोराने पानाला उलट उत्तर द्यायचं, तर मात्र समोर ऐकणारं माणूसच लागतं. शाळेत आम्हाला साठ पोरांच्या वर्गात ते जमत नाही. घरात तू आहेस, दाजी आहेत.

तेव्हा एवढं कर. कपाट उघड आणि पुस्तक त्याच्या हातात दे. वाचून झालं की जेवताना त्याला विचार, 'तुला काय पटलं नाही?' अभ्यास घेतल्यासारखं नको, खरंच जाणून घ्यायचंय असं विचार. आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नकोस. नाताळात त्याला चार दिवस इकडे पाठव. कुर्डुवाडीला उतरवून घ्यायला मी स्वतः येईन. येताना ते पुस्तक त्याच्यासोबत नक्की दे. ते माझं नाही, वाचनालयाचं आहे, आणि त्यासाठी इथे दोन पोरी नंबर लावून बसल्या आहेत.

दाजींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी